मियाको हारुमी : उसन्या गुरगुरीपासून स्वतःच्या आवाजापर्यंत

सांजदिवा

३१ डिसेंबर १९८४ च्या रात्री टोकियोच्या एनएचके सभागृहात 'कोहाकू उता गास्सेन' या वर्षअखेरच्या कार्यक्रमातले शेवटचे गाणे संपले, तेव्हा ते गाणारी बाई छत्तीस वर्षांची होती आणि आजच्यानंतर आपण गाणार नाही, हे तिने देशाला काही महिने आधीच सांगून ठेवले होते. कोहाकू म्हणजे लाल आणि पांढरा. गायिकांचा लाल संघ आणि गायकांचा पांढरा संघ आळीपाळीने गातात, आणि अगदी शेवटी गाण्याचा मान ज्याला मिळतो त्याने त्या वर्षी सगळे काही मिळवले असे जपानी माणूस समजतो. त्या वर्षी हा मान मियाको हारुमी यांना मिळाला होता आणि टोकियोभोवतालच्या कांतो भागातल्या ७८.१ टक्के घरांत तो कार्यक्रम चालू होता.

'मेओतोझाका' हे गाणे संपले, टाळ्या थांबेनात. कोहाकूत तोवर कोणालाच 'वन्स मोअर' मिळालेला नव्हता, कारण वेळेचे गणित मिनिटामिनिटाने बांधलेले असते. पांढऱ्या संघाचे निवेदक सुझुकी केन्जी पुढे आले, मला एक मिनिट द्या असे त्यांनी सभागृहाला सांगितले आणि रडत उभ्या असलेल्या हारुमींना आणखी एक गाणे गाण्याची विनंती केली. त्यांच्याकडून धड होकारही आला नव्हता, तोच वाद्यवृंदाने 'सुकी नि नात्ता हितो' सुरू केले. हारुमींना ते नीट गाता आले नाही. मंचावर जमलेल्या सहगायकांनी ते उचलून धरले. हे संपल्यावर एका ज्येष्ठ निवेदकाने प्रेक्षकांना आणखी टाळ्यांचे आवाहन केले आणि भावनेच्या भरात नाव घेताना 'मियाको'च्या ऐवजी 'मिसोरा' म्हटले. मिसोरा हिबारी ही एन्काची, म्हणजे विरह-दुःखाच्या जुन्या धाटणीच्या जपानी लोकप्रिय गाण्यांची, सम्राज्ञी, आणि ती तर त्या कार्यक्रमात नव्हतीच. वीस वर्षे सलग कोहाकूत गायलेल्या बाईला निरोपाच्या क्षणी दुसरीच्या नावाने हाक मारली गेली.

ही चूक मला फार बोलकी वाटते, आणि हा धागा काढण्याचे निम्मे कारण तेच आहे. हारुमींची सारी कारकीर्द हा आवाज नेमका कोणाचा, या प्रश्नाभोवती फिरते, असे मला त्यांची गाणी ऐकताना वाटत आले आहे.

त्यांचा जन्म २२ फेब्रुवारी १९४८ चा, क्योतोचा. वडील मूळचे कोरियातले, निशिजिन भागातल्या विणकामाच्या धंद्यात होते. आई जपानी, आणि तिला रोक्योकूचे वेड. रोक्योकू म्हणजे शामिसेन या तीन तारांच्या वाद्याच्या साथीवर कथा सांगण्याचा प्रकार. त्यात निवेदन, संवाद आणि गाणे एकाच कलाकाराच्या गळ्यातून येते आणि तो गळा मुद्दाम रापलेला, खरखरीत केलेला असतो. आपल्याकडच्या वाचकाने पोवाडा म्हणणारा शाहीर डोळ्यांसमोर आणावा, मात्र त्याची गती बरीच कमी करून. मुलीचा गळा असा घडावा यासाठी आईने तिला लहानपणापासून राबवले. घशाच्या तळातून ओढून काढलेल्या त्या गुरगुरीला जपानीत 'उनारी' म्हणतात आणि पुढे हारुमींच्या गाण्याला 'उनारी-बुशी' असेच नाव पडले.

१९६३ मध्ये कोलंबिया या तबकडी कंपनीची देशव्यापी गायनस्पर्धा त्यांनी जिंकली, १९६४ च्या मार्चमध्ये पहिली तबकडी निघाली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, म्हणजे टोकियो ऑलिम्पिक आणि पहिली शिनकान्सेन (बुलेट ट्रेन) ज्या महिन्यात सुरू झाली त्याच महिन्यात, 'आन्को त्सुबाकी वा कोई नो हाना' आले. शब्द होशिनो तेत्सुरो यांचे, चाल इचिकावा शोसुके यांची. 'आन्को' हा इझु ओशिमा बेटावरच्या बोलीतला तरुण मुलीसाठीचा शब्द, आणि 'त्सुबाकी' म्हणजे त्या बेटावर जिकडेतिकडे फुलणारे कॅमेलिया. हे 'आन्को' म्हणताना सोळा वर्षांची मुलगी जो घोगरा हिसका देते तो आजही दचकवतो. ज्या आठवड्यांत सारा देश आपण किती आधुनिक झालो हे जगाला दाखवत होता, त्याच आठवड्यांत एक पोरगी बेटावरच्या मुलीचे दुःख जुन्या कथेकऱ्याच्या गळ्यातून सांगत होती आणि तबकड्यांचा खप दहा लाखांच्या पुढे जात होता. वर्षअखेरीस जपान रेकॉर्ड पुरस्कारात त्यांना नवोदिताचे पारितोषिक मिळाले.

पुढची दहा वर्षे मी घाईने ओलांडतो, कारण त्यांत साचा ठरून गेला होता. १९६५ मध्ये 'नामिदा नो रेन्राकुसेन' आले, त्यात बोटीचा भोंगा रडतो. १९६८ मध्ये 'सुकी नि नात्ता हितो' आले. चाली बहुतेक इचिकावा यांच्या, किमोनो भडक, गळ्यातला हिसका ठरलेल्या जागी. त्या काळी जपानी तबकडी कंपन्यांचे गीतकार आणि संगीतकार करारबद्ध असत. कोणत्या गायिकेने काय गायचे हे 'सेन्सेई', म्हणजे हे गुरुजी, ठरवत आणि गायिका त्यांच्याकडे शिष्येसारखी जात असे. हा साचा वाईट होता असे मी म्हणत नाही. त्यानेच ही गाणी दिली. पण त्यात गाणाऱ्याला स्वतःचे म्हणून काय उरत होते?

मग १९७५ च्या डिसेंबरात 'किता नो यादो कारा' आले, म्हणजे 'उत्तरेच्या खाणावळीतून'. (यादो म्हणजे मुक्कामाची खाणावळ. 'हॉटेल' म्हटले की त्यातली थंडी निघून जाते.) शब्द आकु यू यांचे. हे गृहस्थ एन्काच्या घरातले नव्हतेच. पुढच्याच वर्षी 'पिंक लेडी' या पॉप जोडीसाठी त्यांनीच शब्द लिहिले आणि १९७६, १९७७, १९७८ अशी सलग तीन वर्षे रेकॉर्ड पुरस्काराचे सर्वोच्च मानचिन्ह त्यांच्याच शब्दांना मिळाले. चाल कोबायाशी आसेई यांची होती. त्यांचे नाव लोकांना जाहिरातींच्या धुनांमुळे ठाऊक होते. अशा बाहेरच्या दोघांच्या गाण्यात हारुमींनी गुरगुर आवरली. गाणे जवळजवळ पत्राच्या आवाजात आहे : तुम्ही बरे आहात ना, इकडे दिवसागणिक थंडी वाढते आहे. जो कधी घातला जाणार नाही असा स्वेटर ती बाई विणते आहे. मला हे गाणे त्यांच्या कारकिर्दीचा बिजागरीचा खिळा वाटते. १९७६ चा सर्वोच्च रेकॉर्ड पुरस्कार त्यांना याच गाण्याने मिळाला, म्हणजे ज्या गोष्टीसाठी त्यांना बारा वर्षे ओळखले गेले ती बाजूला ठेवल्यावर.

१९८० मध्ये 'ओसाका शिगुरे' आले आणि उत्कृष्ट गायनाचे पारितोषिकही मिळाले. नवोदित, सर्वोच्च, उत्कृष्ट गायन अशा तिन्ही पायऱ्या चढून झाल्या. चार वर्षांनी त्यांनी निवृत्ती जाहीर केली. कारण विचारल्यावर दिलेले उत्तर त्या वर्षी सगळीकडे बोलले जात होते : मला साधी 'ओबासान', म्हणजे चारचौघींसारखी मध्यमवयीन बाई, व्हायचे आहे.

पुढचे प्रतिसादांत लिहितो. आधी जाणकारांनी बोलावे.

षड्जपंचम

लेख आवडला. 'उसनी गुरगुर' या शब्दप्रयोगाला मात्र माझी हरकत आहे, त्याकडे शेवटी येतो.

ज्यांनी एन्का ऐकलेले नाही त्यांच्यासाठी स्वरांविषयी थोडे सांगतो. या गाण्यांचा पाया 'योनानुकी' नावाच्या स्वरमालिकेवर आहे. मेइजी काळात (१८६८ ते १९१२) पाश्चात्त्य सप्तक शिकवताना स्वरांना जुन्या जपानी आकड्यांची नावे दिली होती. त्यांतला 'यो' म्हणजे चौथा आणि 'ना' म्हणजे सातवा हे दोन्ही गाळायचे. शुद्ध सप्तकातून मध्यम आणि निषाद काढले की उरतो तो आपला भूप. पण एन्काचे दुःखी गाणे बहुधा दुसऱ्या, कोमल मालिकेत असते : सा रे, कोमल गंधार, पंचम, कोमल धैवत. शिवरंजनी घ्यावी आणि तिचा धैवत कोमल करावा, म्हणजे ती जागा सापडते. मराठी कानाला एन्का पहिल्याच ऐकण्यात परके वाटत नाही, त्याचे हे मोठे कारण आहे. पार्श्वभूमीला सॅक्सोफोन आणि विजेची गिटार असते, पण गळा फिरतो तो पाच सुरांतच.

दुसरी गोष्ट म्हणजे 'कोबुशी'. शब्दाच्या शेवटच्या स्वरावर गळ्याने घेतलेला तो छोटा वळसा आपल्या मुरकीच्या जवळचा आहे. मात्र आपली मुरकी हलकी असते, तर कोबुशी घेताना स्वर किंचित दाबून सोडलेला असतो, आणि उनारी हा तर त्याहून वेगळा, थेट घशाच्या घर्षणाचा प्रकार आहे. 'आन्को त्सुबाकी'त दोन्ही शेजारीशेजारी ऐकू येतात. सुरुवातीचा हिसका उनारीचा आहे आणि ओळीच्या अखेरीचे वळण कोबुशीचे.

आता हरकत. आईने शिकवले म्हणून आवाज उसना कसा होतो? आपल्याकडे घराण्याचा गळा गुरूकडून येतो आणि आपण त्याला तालीम म्हणतो. सोळाव्या वर्षी कोणाचा आवाज स्वतःचा असतो?

सांजदिवा

षड्जपंचम, हरकत मान्य करण्यासारखी आहे, पण एक फरक दाखवतो. घराण्याच्या तालमीत शिष्याने पुढे त्या गळ्याचे काय करायचे याला वाव असतो, किंबहुना तो घेतला नाही तर लोक नावे ठेवतात. करारबद्ध गायिकेला मात्र तो हिसका दर तबकडीत पुन्हा द्यावा लागतो, कारण गिऱ्हाईक त्यासाठीच पैसे मोजते. 'उसनी' हा शब्द मी आईसाठी वापरला नव्हता, बाजारासाठी वापरला होता. शीर्षकातून ते नीट पोचत नसेल तर दोष माझा आहे.

ओसाकावासी

मी गेली अकरा वर्षे ओसाकाजवळ राहतो. मियाको हारुमी माझ्या आयुष्यात आल्या त्या तबकडीवरून नव्हे, तर 'स्नॅक'मधून. स्नॅक म्हणजे आठ-दहा खुर्च्यांचे पेयगृह. ते चालवणाऱ्या बाईला सगळे 'मामा' म्हणतात आणि तिथे कराओके असतेच. माझ्या कार्यालयातले निवृत्तीला आलेले वरिष्ठ मला तिथे घेऊन जात आणि दर वेळी एकच युगुलगीत गात : १९८३ चे 'नानिवा कोई शिगुरे'. हे हारुमींनी ओका चिआकी यांच्याबरोबर गायले आहे आणि चालही ओका यांचीच आहे.

त्यात कात्सुरा हारुदान्जी या ओसाकाच्या राकुगो कलावंताची कथा आहे. राकुगो म्हणजे गादीवर बसून, हातात पंखा आणि रुमाल एवढेच घेऊन एकट्याने सांगायची विनोदी गोष्ट. हारुदान्जी कलेसाठी बायकोलाही रडवीन म्हणतो, दारू पितो, आणि बायको 'तुम्ही माझ्या निवडीचे आहात' म्हणून निभावून नेते. मधे दोघांची बोललेली वाक्ये आहेत, ओसाकाच्या बोलीत. आमचे वरिष्ठ ती वाक्ये इतक्या तन्मयतेने म्हणत की मामा बायकोचा भाग घेऊन त्यांना उत्तर देत असे, आणि मला वाटे की हे दोघे कराओके विसरले आहेत.

एकदा मी उत्साहाच्या भरात 'आन्को त्सुबाकी' लावले. गुरगुरीच्या जागी माझ्या घशातून जे निघाले त्याला मी नाव देत नाही. मामा म्हणाली, हे गाणे गिऱ्हाइके एकदाच निवडतात, दुसऱ्यांदा 'ओसाका शिगुरे' निवडतात. मला वाटते सांजदिवा यांच्या लेखातला मुद्दा तिने फार कमी शब्दांत सांगितला. १९६४ चे गाणे ऐकायचे, १९८० चे गाणे आपण गायचे.

जुनी वही

मी जरा विरोधी सूर लावतो. 'साधी बाई व्हायचे आहे' हे वाक्य काही आकाशातून पडलेले नव्हते. १९७७ मध्ये 'कँडीज' या तीन मुलींच्या गटाने 'आम्हांला पुन्हा साध्या मुली व्हायचे आहे' असे म्हणत निवृत्ती जाहीर केली होती आणि १९७८ मध्ये त्यांचा निरोपाचा कार्यक्रम प्रचंड गाजला होता. १९८० मध्ये यामागुची मोमोए एकविसाव्या वर्षी लग्नासाठी गाणे सोडून गेल्या. म्हणजे निरोप हा १९८४ पर्यंत जपानी करमणुकीच्या धंद्यातला एक ठरलेला प्रयोगच झाला होता. त्यातून मोमोए परत आल्या नाहीत, हारुमी पाच वर्षांत परत आल्या. मग त्या रात्रीच्या अश्रूंना आपण किती वजन द्यायचे?

मंदारमाला

जुनी वही यांच्या प्रतिसादातला एक शब्द मला थांबवतो. कँडीजना 'मुली' व्हायचे होते, हारुमींना 'ओबासान'. या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द मिळणे सोपे नाही. नात्याने तो मावशी किंवा आत्या, आणि रस्त्यात अनोळखी मध्यमवयीन बाईला हाक मारायची तर आपण 'काकू' किंवा 'मावशी' म्हणतो तसा तो शब्द आहे. छत्तीस वर्षांच्या प्रसिद्ध स्त्रीने कॅमेऱ्यासमोर 'मला काकू व्हायचे आहे' म्हणणे हे विशीतल्या मुलींच्या वाक्याची नक्कल आहे असे मला वाटत नाही. झाली तर ती त्याची थट्टा आहे. ज्या धंद्यात गायिकेचे वय लपवायचे असते, तिथे ती वय मागून घेते आहे.

'किता नो यादो कारा'मधल्या बाईबद्दलही लिहिते. ते गाणे आपण सोडून गेलेल्या पुरुषासाठी झुरणाऱ्या बाईचे म्हणून ऐकतो, कारण स्वेटर आहे, अश्रू आहेत, हिमाळ उत्तर आहे. पण शब्द नीट पाहिले तर ती आपल्या ओढीला स्वतःच नाव देते. हा स्वेटर घातला जाणार नाही हे तिला ठाऊक आहे, आणि तरीही टाका सुटू देत नाही. हे झुरणे नाही, निकाल लावणे आहे. हिशेब पुरा करून वही मिटणारी बाई आहे ती. अशा बाईच्या तोंडी घोगरा हिसका शोभला नसता, म्हणून तो तिथे नाही. गायिकेने तो सोडला की गाण्याने सोडायला लावला, हे वेगळे करता येईल असे मला वाटत नाही.

तळघर

वर दोनदा एन्काचा उल्लेख जणू काही शतकांपूर्वीचा जपानी वारसा असावा तसा आला आहे, म्हणून थोडा इतिहास.

'एन्का' हा शब्द मेइजी काळातला आहे. १८८० च्या दशकात लोकहक्कांच्या चळवळीवर सरकारची नजर होती, सभांवर निर्बंध होते, तेव्हा कार्यकर्त्यांनी भाषणे गाण्यांत घालून रस्त्यावर म्हणायला सुरुवात केली. एन्का म्हणजे अशी भाषणगीते. कावाकामी ओतोजिरो यांचे 'ओप्पेकेपे' हे त्या काळचे सर्वांत गाजलेले उपरोधाचे गाणे. नंतर सोएदा आझेनबो यांच्यासारख्या गायकांनी त्यात गरिबीचे आणि रोजच्या जगण्याचे विषय आणले. हारुमींच्या गाण्याचा आणि या गाण्यांचा संबंध नावापुरताच आहे.

आज ज्याला एन्का म्हणतात ते १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात एक वेगळा प्रकार म्हणून उभे राहिले. बिटल्सनंतरच्या तरुण संगीताने बाजार बदलला, तेव्हा जुन्या कंपन्यांतली, जुन्या चालींची जी गाणी उरली त्यांना हे नाव चिकटले. १९६९ मध्ये फुजी केइको आल्या (पॉप संगीतातल्या उतादा हिकारू यांच्या आई) आणि त्यांच्या काळोख्या आवाजाने ते नाव पक्के झाले. म्हणजे १९६४ मध्ये 'आन्को त्सुबाकी' निघाले तेव्हा त्याला फारसे कोणी एन्का म्हणत नव्हते. ते लोकप्रिय गीत होते, इतकेच.

संगीत-अभ्यासक वाजिमा युसुके यांनी २०१० मध्ये हा सगळा प्रवास सविस्तर मांडला आहे. त्यात मला सर्वांत आवडलेला मुद्दा या धाग्याला थेट लागू आहे : हारुमींच्या गुरगुरीमागे रोक्योकू तर आहेच, पण हिरोता मिएको यांचा गळाही आहे. हिरोता १९६१ मध्ये, चौदाव्या वर्षी, हेलन शपिरो या इंग्रज मुलीच्या गाण्याची जपानी आवृत्ती गाऊन पुढे आल्या होत्या. त्यांचा आवाज दणदणीत, पाश्चात्त्य लयीचा. ज्या हिसक्याला नंतरच्या पिढीने जपानी मातीचा हुंकार मानले त्यात लंडनच्या पॉप गाण्याचाही वाटा आहे. आणि ज्या आवाजाला 'जपानी मनाचा आवाज' म्हटले गेले तो कोरियन वडिलांच्या मुलीचा होता. या चालींच्या परंपरेतले मोठे नाव कोगा मासाओ, त्यांचेही बालपण आणि शाळा कोरियात झाली, आणि विद्यार्थिदशेत त्यांनी मेइजी विद्यापीठात जे मंडळ उभारले ते मँडोलिनचे होते.

म्हणून आवाज कोणाचा, या सांजदिवा यांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे की हा प्रश्न एका बाईपुरता नाही.

षड्जपंचम

तळघर, हिरोता मिएको यांची माहिती मला नवी होती. लगेच दोन्ही लागोपाठ ऐकली. शब्दाच्या सुरुवातीला घशाचा धक्का देऊन स्वर मागून येऊ देण्याची पद्धत दोघींत खरोखर सारखी आहे. रोक्योकूत ही खरखर लांबवर पसरलेली असते, इतक्या नेमक्या ठिकाणी फुटत नाही. माझी 'तालीम' ही उपमा थोडी मागे घेतो. ही तालीम म्हणजे दोन दुकानांतून माल आणून तिसऱ्या दुकानात केलेले शिवणकाम आहे. मात्र शिवण कुठे दिसत नाही, हे आईचे आणि इचिकावा यांचे कसब मानावे लागेल.

सांजदिवा

जुनी वही यांनी विचारलेल्या 'अश्रूंच्या वजना'बद्दल.

१९८५ ते १९८९ या काळात हारुमी संगीतापासून दूर गेल्या नाहीत, फक्त मायक्रोफोनपासून दूर गेल्या. त्यांनी कोलंबियात निर्माती म्हणून काम केले, दुसऱ्यांच्या तबकड्या घडवल्या. वीस वर्षे ज्या खोलीत काचेच्या एका बाजूला उभे राहून गायले, त्याच खोलीत त्या काचेच्या दुसऱ्या बाजूला बसल्या. याच काळात कादंबरीकार नाकागामी केन्जी यांनी त्यांच्या आयुष्यावर पुस्तक लिहिले. नाकागामी हे बहिष्कृत बुराकु समाजातून आलेले, जपानी साहित्यातले एक खडतर आणि मोठे नाव. अशा लेखकाला एन्का गायिकेच्या आयुष्यात आपला विषय दिसला, ही गोष्ट मला दुर्लक्ष करण्यासारखी वाटत नाही.

मग १९८९ आले. जानेवारीत सम्राट हिरोहितो वारले, शोवा युग संपले. २४ जूनला मिसोरा हिबारी बावन्नाव्या वर्षी गेल्या. वर्षअखेरीच्या कोहाकूत शोवा काळाकडे मागे वळून पाहणारा भाग होता आणि त्यात हारुमी एका रात्रीपुरत्या परत आल्या. गायल्या ते 'आन्को त्सुबाकी'. १९९० मध्ये रीतसर पुनरागमन झाले, 'सेन्नेन नो कोतो' या गाण्याने, म्हणजे 'हजार वर्षांची जुनी राजधानी'. शब्द योशिओका ओसामु यांचे, चाल गेन तेत्सुया यांची. बेट नाही, बोट नाही, उत्तर नाही. गाणे त्यांच्या जन्मगावाचे, क्योतोचे आहे, आणि त्यात आवाज लांब श्वासाने, न दाबता सोडलेला आहे.

हिबारींच्या जाण्याचा आणि या परतण्याचा संबंध मी जोडतो तो माझ्या अंदाजाने, तो तसाच समजावा. पण पाच वर्षांपूर्वी जिच्या नावाने आपल्याला चुकून हाक मारली गेली ती जागा आता रिकामी झाली आहे, हे त्यांच्या मनात कधीच आले नसेल, हे मला अवघड वाटते. त्यांनी ती जागा मागितली नाही, हेही खरे.

तेव्हा जुनी वही, अश्रू खरे असणे आणि परत येणे यांत मला विसंगती दिसत नाही. गेली ती करारबद्ध गायिका. आली ती काचेच्या दोन्ही बाजू पाहून आलेली बाई.

जुनी वही

पटले असे म्हणत नाही, पण 'काचेची दुसरी बाजू' हा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता. माझ्या डोक्यात निवृत्ती म्हणजे घरी बसणे असेच होते. मोमोए यांच्याशी तुलना त्यामुळे चुकीची ठरते, तेवढे मागे घेतो.

कोहाकूच्या त्या रात्रीची गर्दी मात्र मला अजूनही खटकते. बाई रडते आहे, गाऊ शकत नाही, आणि तिच्यावर गाणे लादले जाते. देशाला हवे होते म्हणून.

ओसाकावासी

जुनी वही यांच्या शेवटच्या वाक्यावर आमच्या मामाची साक्ष देतो, कारण तिने तो कार्यक्रम त्या रात्री पाहिला होता. तिच्या मते सुझुकी यांनी विनंती केली ती बरोबर होती, आणि वाद्यवृंदाने उत्तराची वाट पाहिली नाही तेही बरोबर होते. 'विचारत बसले असते तर तिला नाही म्हणावे लागले असते,' असे ती म्हणाली. हे तर्कशास्त्र फार जपानी आहे की फार स्नॅकमधले, हे मला सांगता येत नाही.

मंदारमाला

तर्क मला समजतो, पण पटत नाही. नाही म्हणण्याची संधी न देणे म्हणजे सौजन्य नव्हे. मी जुनी वही यांच्या बाजूने आहे, निदान या मुद्द्यावर.

पाणकोंबडी

सगळे वाचले. मी एन्काचे एकही गाणे ऐकलेले नाही. कुठून सुरू करावे? आणि या गायिका आता गातात का?

सांजदिवा

पाणकोंबडी, पुनरागमनानंतर त्या पाव शतक गात होत्या. २०१० च्या दशकाच्या उत्तरार्धात मंचावर दिसेनाशा झाल्या, आणि या खेपेला कोणताही निरोपाचा कार्यक्रम झाला नाही. इचिकावा शोसुके २००६ मध्ये गेले, आकु यू २००७ मध्ये, होशिनो २०१० मध्ये, कोबायाशी २०२१ मध्ये. ज्यांनी हा आवाज बांधला त्यांपैकी फारसे कोणी राहिलेले नाही.

सुरुवात 'किता नो यादो कारा'ने करावी, मग 'आन्को त्सुबाकी', मग 'सेन्नेन नो कोतो'. क्रम उलटसुलट वाटेल, पण आधी गुरगुर ऐकली तर पुढचे सगळे तिच्याच मापाने ऐकले जाते, असा माझा अनुभव आहे.

षड्जपंचम

मी यात एक भर घालतो. 'सुकी नि नात्ता हितो'ही ऐका, पण १९६८ ची तबकडी. ते गाणे दोनदा 'सायोनारा' म्हणून सुरू होते आणि तरी ठेका जवळजवळ जत्रेतल्या नाचाचा आहे. त्या रात्री वाद्यवृंदाने निरोपासाठी नेमके तेच का उचलले, हे पहिल्याच ओळीत कळते, आणि गाणाऱ्या बाईला ती ओळ उच्चारणे का जमले नाही, तेही. तबकडीवर मात्र ती अगदी हसऱ्या आवाजात म्हटलेली आहे.